ड्रॅगनचे पंख आणि गाडीची डिकी

मे महिन्यातला शनिवार. कारखान्याचं दार उघडून झाडू हातात घेतला, तोच एक मुलगा आणि त्याचे आजोबा जिना चढून आले. कारखाना म्हणजे पोशाख बनवायच्या शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्या, पण पाटीवर तसं लिहिलंय म्हणून आम्हीही तसंच म्हणतो. मुलाच्या हातात हिरव्या फोमच्या तुकड्यांनी भरलेली बादली होती.

"ताई, हा ड्रॅगन आहे. पाच वाजता वेशभूषा स्पर्धा आहे."

इंजिनियरिंगचा मुलगा. चिलखत, खवले, शिंगं, आठ फुटी पंख, सगळं त्यानं स्वतः केलेलं. काम पाहून मी चाट पडले. एकेक खवला वेगळा कापलेला आणि त्याच्या कडा घासून गोल केलेल्या. मग हे असं सुटं कशानं झालं? एक तुकडा उलटा केला तर सांध्यावर पांढुरक्या डिंकाच्या तारा लोंबत होत्या. सगळं ग्लू गननं चिकटवलेलं होतं.

"हे ठेवलं कुठे होतं?"

आजोबांनी घसा खाकरला. "घरात पुतणीची पोरं आहेत, तुडवतील म्हणून मी काल गाडीच्या डिकीत ठेवलं. गाडी दिवसभर उन्हात होती."

पुण्याच्या उन्हाळ्यात बंद गाडी साठ अंशांच्या पुढे सहज जाते आणि ग्लू गनचा डिंक साधारण तिथेच मऊ पडायला लागतो. पोरानं महिनाभर जोडलेलं गाडीनं एका दुपारीत उकललं. ग्लू गनशी माझं भांडण नाही. फुलं, मणी, मुकुटावरचे खडे यांना ती उत्तम. पण ज्या सांध्यावर वजन येतं तिथे ती नको.

नुसतं पुन्हा चिकटवून भागणार नव्हतं, कारण जुन्या डिंकावर नवा गोंद धरत नाही. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस कडेला दाबून धरला की तो डिंक सालीसारखा सुटून येतो. आजोबांना ते काम दिलं. खाली मांडी घालून ते जे बसले, ते चहालासुद्धा उठले नाहीत. नंतर कळलं, आयुष्यभर फिटर होते.

मग एसआर, म्हणजे दोन्ही कडांना लावून वाळवायचा उग्र वासाचा गोंद. खिडक्या सताड उघड्या, तोंडाला मास्क, कारण त्याच्या वासानं डोकं गरगरतं. दोन्ही कडांना पातळ थर द्यायचा आणि वाट बघायची. बोटाला चिकटेनासं झालं की कडा एकमेकींवर टेकवायच्या. टेकल्या की टेकल्या, मग सरकवायची सोय नाही. पोराला धीर धरवेना. "झालं का?" असं तो दर मिनिटाला विचारी. शेवटी त्याला बोहरी आळीत नट-बोल्ट आणि प्लंबरचे क्लॅम्प आणायला पिटाळलं.

खरी गोची पंखांची होती. पीव्हीसी पाइपचा सांगाडा त्यानं छातीच्या फोमवरच चिकटवला होता. एवढं ओझं फोमनं पेलायचं? डिकीत तापला नसता तरी स्टेजवर मागे उलटलाच असता. माळ्यावर माझी जुनी ट्रेकिंगची सॅक होती. तिच्या पाठीत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि खाली जाड कंबरपट्टा. राजगड चढताना ओझं खांद्यावर नाही, कमरेवर घ्यायचं असतं. पंखांनाही तोच न्याय. सॅकचं कापड कापताना जीव थोडा तुटला, खोटं कशाला बोलू. आजोबांनी पट्ट्यांना भोकं पाडली, क्लॅम्पनं पाइप आवळले आणि वर चिलखत चढवलं. कंबरपट्टा पोटावरच्या खवल्यांखाली लपला.

रंगाला वेळ थोडाच उरला. जिथे नवा फोम लावला तिथे हीट गनचा हलका शेक दिला, म्हणजे छिद्रं मिटतात आणि रंग आत मुरत नाही. काळ्यावर हिरवा, त्यावर जेमतेम चंदेरी हात. घाईत एक पंख दुसऱ्यापेक्षा गडद झाला. पोरगं म्हणालं, "चालेल ताई, तो त्या बाजूनं जखमी आहे असं सांगतो."

साडेतीनला अंगावर चढवून चालवून पाहिलं, बसवून पाहिलं, हात वर करायला लावले. पाणी कसं पिणार तेही तपासलं. फोममध्ये माणूस उकडून निघतो, त्यामुळे हे पाहिल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. आणि मग लक्षात आलं की आठ फुटी पंख आमच्या जिन्यातून उतरणार कसे! क्लॅम्प ढिले करून ड्रॅगन आणि पंख वेगवेगळे खाली नेले.

नंबर काही आला नाही, पण तीन फेऱ्यांत एक खवलाही पडला नाही, असा रात्री फोन आला.

पुढच्या आठवड्यात आजोबा एकटेच आले. त्या जिन्याचा त्यांनी फारच विचार केला होता. वहीच्या कागदावर बिजागरीचं चित्र काढून आणलं होतं: पिन ओढली की पंख पाठीवर मिटतो, उघडला की खटकन अडकतो. बनवून पाहिली. माझ्या डोक्यातल्या कल्पनेपेक्षा सरस निघाली, आता मोठ्या पंखांना आम्ही तीच लावतो. पैसे विचारले तर हात जोडले. जाताना मात्र फोमची जाड कातरण मागितली, देवघरासमोर गुडघ्याखाली घ्यायला.