बंद नळातला दाब : घरी प्रेशर रेग्युलेटर बसवताना आलेला माझा अनुभव

मराठवाड्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणे टंचाईवर येते आणि ते स्वाभाविकच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते या भागातले कोणी विसरलेले नाही. अशा मुलखात नळाला जोर असणे हे भाग्याचेच मानले जाते. आम्ही छत्रपती संभाजीनगरला बीड बायपासच्या बाजूला बारा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा आल्यागेल्या प्रत्येकाने आमच्या शॉवरचे कौतुक केले. त्या जोराची दुसरी बाजू घरातल्या नळांनी आम्हाला पुढच्या काही महिन्यांत दाखवली. उंच इमारती आता आपल्याकडच्या शहरांतही होऊ लागल्या आहेत आणि खालच्या मजल्यांवर राहणाऱ्या अनेकांना हाच त्रास असूनही त्याचे मूळ कळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

फ्लश टँक भरत आला की त्यातून घुमल्यासारखा आवाज येई आणि टँक भरल्यानंतरही पाणी बारीक धारेने आत वाहतच राही. जेट स्प्रेची नळी दोनदा फुटली. वॉशबेसिनखालचा कनेक्शन पाइप आम्ही गावी गेलेले असताना तुटला आणि पाणी खालच्या घराच्या छतापर्यंत झिरपले. वॉशिंग मशीन पाणी घेणे थांबवी त्या क्षणी भिंतीत ठोका बसल्यासारखा आवाज होई, आणि गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून सकाळी सकाळी थेंब पडत. प्रत्येक वेळी प्लंबर येऊन वायसर किंवा नळी बदलून जात असे. सुटे भाग निकृष्ट निघतात, असा घरात सर्वांचाच समज झाला होता.

हा समज खोडला तो एका वयस्कर प्लंबरने. त्याने कोणताही भाग उघडण्याआधी पिशवीतून प्रेशर गेज काढले, बाल्कनीतल्या नळाला लावले आणि घरातले सगळे नळ बंद करायला सांगितले. "ताई, चालू नळाचा जोर बघून काही कळत नाही. नळ बंद असला की आत किती दाब बसतो, ते बघावं लागतं," असे तो म्हणाला. या एका वाक्यात सगळा विषय सामावलेला आहे असे मला आज वाटते. नळ चालू असताना पाणी वाहते, पाइपातल्या घर्षणात दाबाचा काही भाग खर्च होतो आणि जाणवतो तो उरलेला जोर. पाणी थांबले की हे घर्षण उरत नाही, मग पूर्ण दाब प्रत्येक वायसरवर, प्रत्येक नळीवर आणि प्रत्येक सांध्यावर रात्रभर बसून राहतो. आमच्याकडे नळ चालू असताना काटा ३ बारच्या (बार हे दाब मोजण्याचे एकक) आसपास होता, आणि रात्री सगळे शांत झाल्यावर तो सव्वाचार ते सव्वापाच बारच्या दरम्यान वरखाली होत होता.

तो वरखाली का होतो, याचे उत्तर तळमजल्यावरच्या पंपघरात मिळाले. आमच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येत नाही. तळाच्या हौदातून पंप आणि दाबाची टाकी मिळून ते थेट घराघरांत ढकलतात. पंप ५ बारला सुरू होतो आणि ६ बारला थांबतो. पाण्याचा स्तंभ १० मीटर उंच असेल तर त्याचा दाब साधारण १ बार भरतो. बारावा मजला पंपापासून सुमारे ३६ मीटर उंच आहे, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत साडेतीन बारांहून अधिक दाब निव्वळ चढण्यात जातो आणि वरच्यांना जेमतेम दीड-दोन बार मिळतो. आम्ही पंपापासून ७ मीटरवर आहोत, म्हणून आमच्या वाट्याला जवळजवळ सगळाच दाब येतो. पंपाचा दाब कमी करा, ही आमच्या मजल्यावरची पहिली मागणी होती. पण तसे केले असते तर वरच्या मजल्यांचे नळ कोरडे पडले असते, आणि ते मला मान्य होण्यासारखे नव्हते.

पाच बार ऐकायला फार वाटत नाही, आणि चांगला नवा पाइप याच्या कितीतरी पट दाब सहन करतो, हेही खरे आहे. पण घर म्हणजे नुसते पाइप नव्हेत. त्यात रबराचे वायसर असतात, प्लास्टिकच्या नळ्या असतात, फ्लश टँकचा तरंगता व्हॉल्व्ह असतो, आणि या साखळीतला सर्वांत अशक्त दुवा आधी तुटतो. शिवाय पाणी वेगाने वाहत असताना एकाएकी अडवले तर त्याचा वेग दाबात बदलतो. धातूच्या पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी क्षणात थांबवले, तर तेवढ्यापुरता १० बारांहूनही अधिक दाब वाढू शकतो. प्लास्टिकच्या पाइपात तो कमी वाढतो, तरी ठोका बसतोच. वॉशिंग मशीनचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह नेमके हेच करतो. आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करायला हवा, कारण गरम पाण्यासाठी वापरला जाणारा सीपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाइप तापला की त्याची ताकद झपाट्याने घटते. एसडीआर ११ प्रतीचा (ज्याचा बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट असतो असा) जो पाइप २३ अंशांना २८ बार पेलतो, तोच ८२ अंशांना ७ बारांच्या आसपासच पेलतो.

उपाय म्हणून त्या प्लंबरने पीआरव्ही, म्हणजेच प्रेशर रेग्युलेटर सुचवला. पितळेच्या या छोट्या उपकरणात एक स्प्रिंग, एक लवचीक पडदा आणि पाण्याच्या वाटेवर बसणारी एक झडप असते. स्प्रिंग झडपेला उघडे ठेवू पाहते, आणि घराच्या बाजूचे पाणी पडद्यावर दाब देऊन तिला बंद करू पाहते. घरातला दाब ठरवलेल्या आकड्याला पोहोचला की झडप मिटते. नळ उघडला, दाब उतरला, की स्प्रिंग पुन्हा तिला उघडते. याला वीज लागत नाही. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की नळ बंद असतानाही रेग्युलेटर घरातला दाब ठरवलेल्या आकड्यावर धरून ठेवतो. खालचा कॉक अर्धा मिटवून ठेवण्याचा जो घरगुती उपाय सगळीकडे केला जातो, त्याने हे साधत नाही. अर्ध्या मिटलेल्या कॉकने धार बारीक होते. पण पाणी थांबले की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, आणि नळीवरचा ताण होता तेवढाच राहतो.

बसवण्याचे काम मात्र वाटले तितके सरळ नव्हते. आमच्या घरात पाणी एका जागेवरून येत नाही. स्वयंपाकघराला एक आणि दोन न्हाणीघरांना दोन, अशा शाफ्टमधून (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून) येणाऱ्या तीन लाइन आहेत, त्यामुळे तीन रेग्युलेटर लागले. शाफ्ट सोसायटीच्या मालकीचा असल्याने लेखी परवानगी घ्यावी लागली, आणि ती मिळायला वेळ गेला. प्रत्येक रेग्युलेटरच्या आधी जाळी, दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह, काढता यावा म्हणून युनियन (खोलता येणारा सांधा) आणि घराच्या बाजूला कायमचे गेज, एवढे सगळे बसवावेच असा आग्रह मी धरला. दुकानदाराने गेज अनावश्यक असल्याचे सांगितले होते. ते मला मुळीच पटले नाही, कारण गेज नसलेला रेग्युलेटर बिघडला तर ते नळी फुटल्यावरच कळते. बसवण्याआधी लाइन मोकळी सोडून आतला गाळ आणि चुनखडीच्या कपच्या बाहेर काढल्या.

दाब ठरवताना एक बारकावा शिकायला मिळाला. सगळे नळ बंद ठेवून रेग्युलेटरचा दाब ठरवणारा स्क्रू सैल केला तर गेजचा काटा हलत नाही, कारण आधीचा दाब पाइपात कोंडलेला असतो. एक नळ थोडा वेळ उघडून बंद करायचा, मग काटा पाहायचा, मग पुन्हा स्क्रू फिरवायचा, असे करत आम्ही अडीच बारवर थांबलो. न्हाणीघरात मिक्सरच्या गरम आणि थंड पाण्याचा मेळ आपोआप बसला, कारण गीझरलाही रेग्युलेटरनंतरच्याच लाइनचे पाणी जाते.

गीझरची एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी अशी आहे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे एक तृतीयांश लिटरने वाढते. पूर्वी हे वाढलेले पाणी इमारतीच्या लाइनमध्ये मागे सरकू शके. रेग्युलेटर बसल्यावर ती वाट बहुधा बंद होते. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह चालू स्थितीत असावा आणि त्याची नळी मोरीपर्यंत मोकळी सोडलेली असावी. तिच्या तोंडाला बूच कधीही लावू नये. पाणी तापताना तिथून पडणारे चार थेंब हे व्हॉल्व्ह आपले काम करत असल्याचे चिन्ह आहे, तर दिवसभर गळत राहणे हे दाब जास्त असल्याचे किंवा व्हॉल्व्ह खराब झाल्याचे.

लातूरला माझ्या धाकट्या बहिणीच्या स्वतंत्र घरी हाच उपाय करावा का, असे तिने विचारले, तेव्हा मी नको म्हटले. तिच्याकडे गच्चीवरच्या टाकीचा दाब अर्धा बारही भरत नाही, आणि रेग्युलेटर दाब कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. तिने थंड पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप बसवल्यापासून मिक्सर उघडला की थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसून सोलर वॉटर हीटरच्या टाकीकडे चढत होते, कारण तिचा सोलर बिनदाबाचा, हवेची नळी उघडी असलेला आहे. तिथे गरम लाइनला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) आणि दोन्ही लाइनच्या दाबांचा मेळ, हा विचार वेगळा करावा लागला.

आमच्याकडे आता रात्री काटा अडीचवर स्थिर असतो, ठोका जवळजवळ थांबला आहे आणि फ्लश टँक गप्प आहे. पाण्याची बचतही झाली आहे. उघड्या नळातून किंवा गळतीतून जाणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे सव्वापाचऐवजी अडीच बार ठेवला की तेवढ्याच वेळात सुमारे तीन दशांश पाणी कमी जाते. ज्या शहराला पैठणच्या नाथसागरातून पाणी उचलून आणावे लागते आणि जिथे ते काही दिवसांच्या खंडाने येते, तिथे हा फरक मला लहान वाटत नाही.

हा हिशेब सोसायटीच्या सभेत मांडला, तेव्हा पहिली हरकत वरच्या मजल्यांवरून आली. आपले पाणी कमी होईल अशी त्यांना भीती होती. रेग्युलेटर खालच्या फाट्यांवर बसतो, पंपाचा दाब आहे तसाच राहतो, हे पंपघरात नेऊन दाखवल्यावर विरोध मावळला. पहिल्या चार मजल्यांच्या शाफ्टमध्ये एकत्रित रेग्युलेटर बसवण्याचे ठरले आहे, त्यामुळे प्रत्येक घराला तीन-तीन घ्यावे लागणार नाहीत. माझी एकच अट ठरावात लिहून घेतली आहे. उन्हाळ्यात टँकरचे गढूळ पाणी हौदात येते आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार झडपेवर बसतात. झडप नीट मिटली नाही की रात्रभरात दाब हळूहळू चढतो. म्हणून मार्च ते जून या काळात दर महिन्याला जाळी धुवायची, आणि पहाटे कोणी नळ उघडण्याआधी रखवालदाराने प्रत्येक गेजचा आकडा वहीत लिहायचा.