सर बाजूला!

जर्मनीत स्टुटगार्टला आल्यावर पहिल्याच महिन्यातली गोष्ट. सतरा वर्षांची एक मुलगी सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, सेटिंग शिकत होती. टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेचा आकडा, भरताना तिची उणेची खूण राहिली. मला लांबूनच दिसली आणि माझा हात पुढे गेला. शेजारी आमचा माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन झालेला उस्ताद कारागीर, उभा होता. त्यानं मला नजरेनंच थांबवलं आणि तिला विचारलं, "आता बटण दाबलंस तर टूल कुठे जाईल?" ती स्क्रीनकडे बघत राहिली. अर्धा मिनिट गेला असेल. "जॉबमध्ये घुसेल," म्हणाली (जॉब म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा), आणि तिनंच आकडा दुरुस्त केला.

नाशिकला, सातपूरच्या कारखान्यात मी काय करायचो? पोरगं अडलं की "सर बाजूला!" डिस्पॅच तोंडावर असायचा, आकडा मीच टाकायचो. दुसऱ्या दिवशी ते पोरगं पुन्हा तिथंच अडायचं आणि मी त्याच्यावरच चिडायचो. आज त्याचं फार वाईट वाटतं.

आपला अप्रेंटिस कायदा 1961 चा, जर्मनीचा 1969 चा. म्हणजे कायद्यात आपण मागे नाही. फरक शिकवणाऱ्यात आहे. इथं माइस्टरच्या परीक्षेचे चार भाग असतात आणि त्यातला एक अख्खा भाग शिकवण्याचा. हात कितीही कसबी असू दे, तो भाग सुटल्याशिवाय माइस्टर होता येत नाही. शिकाऊ मुलं रोजच्या कामाची वही लिहितात, ती शिकवणाऱ्यानं वाचून सही करायची.

मीही प्रशिक्षकाची परीक्षा दिली. पंधरा मिनिटांत एक काम शिकवून दाखवायचं, मग परीक्षकांचे प्रश्न. मी मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, निवडला. सराव केला सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या भाच्यावर, व्हिडिओ कॉलवरून. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मामा, प्रश्न तूच विचारतोस आणि उत्तरही तूच देतोस." इतकी वर्षं माणसं सांभाळली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

परीक्षा झाली, पण आमचा रविवारचा कॉल चालूच आहे. आता तोही वही लिहितो आणि पानाचा फोटो पाठवतो. गेल्या आठवड्यात लिहिलं होतं: "60 मिमीचा शाफ्ट. मशीनवरून काढल्या काढल्या बरोब्बर मापात. जेवून आल्यावर मोजला तर 20 मायक्रॉन कमी. मधे कुणी हात लावला नव्हता."

उत्तर जिभेवर आलं होतं. मी लिहिलं, "काढलास तेव्हा हाताला कसा लागत होता?"