रुसलेली टेंबलाई

नवरात्रात गावोगावचे लोक अंबाबाईच्या दर्शनाला तासन् तास रांगेत उभे असतात, आणि नेमकी पंचमीला अंबाबाईच घराबाहेर पडते. कशाला, तर रुसलेल्या मैत्रिणीची समजूत काढायला. ललिता पंचमी मला कोल्हापूरच्या बाकी सगळ्या सणांपेक्षा जवळची वाटते ती एवढ्यासाठीच.

करवीर माहात्म्यातली ही गोष्ट मी आधी आजीकडून ऐकली, शिवाजी पेठेच्या बोलीत. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं. मरताना त्यानं दोन मागण्या केल्या: या गावाला माझं नाव राहू दे आणि दरसाल मला कोहळ्याचा बळी मिळू दे. देवीनं दोन्ही कबूल केलं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. आजीचा खरा रंग भरायचा तो पुढं. कोल्हासुराचा पोरगा कामाक्ष कपिल मुनींकडून योगदंड घेऊन आला आणि त्यानं अंबाबाईसकट समद्या देवांच्या शेळ्या-मेंढ्या करून टाकल्या. "एवढं मोठं देव, ब्यां ब्यां करत हिंडाय लागलं!" असं म्हणताना आजीला स्वतःलाच हसू आवरायचं नाही. मागं राहिली एकटी अंबाबाईची मैत्रीण त्र्यंबोली, म्हणजे आमची टेंबलाई. तिनं म्हातारीचं सोंग घेतलं, गोड बोलून कामाक्षाच्या हातातला योगदंड काढून घेतला, त्याला मारलं आणि देवांना पुन्हा देव केलं.

मग विजयाचा सोहळा झाला. सगळ्यांना बोलावणं गेलं, त्र्यंबोलीला सोडून.

"जिनं सोडवलं तिलाच आवतान न्हाई! मी असते तर मीबी गेले नसते." आजीच्या आवाजात इथं कुठल्या तरी लग्नातला जुना मानपान डोकवायचा, तो कुठला हे घरात कुणी विचारायचं नाही. त्र्यंबोली गावाच्या पूर्वेच्या टेकडीवर, म्हणजे आमच्या टेंबलाईच्या टेकडीवर, अंबाबाईच्या देवळाकडं पाठ करून बसली. चूक कळल्यावर अंबाबाईनं माणूस धाडला नाही, ती स्वतः गेली. तू कोल्हासुराला कसं मारलंस ते दाखव, असा त्र्यंबोलीनं हट्ट धरला, आणि अंबाबाईनं कोहळा फोडून दाखवला.

म्हणून आश्विन शुद्ध पंचमीला पालख्या निघतात. अंबाबाईची, जुन्या राजवाड्यातल्या तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांची. बिंदू चौक, बागल चौक, शाहू मिल, टाकाळा करत टेकडी. वाटेवर लोक दारात रांगोळ्या घालून थांबलेले असतात. त्या दिवशी देवळात अंबाबाईची पूजाही गजारूढ बांधतात, हत्तीवरच्या अंबारीत बसून ती मैत्रिणीकडं निघालीय अशी. पूजा बांधणाऱ्यांच्या हाताला तोड नाही. इतकी घाईगर्दी, पण गोष्टीतला एक धागा सुटत नाही.

टेकडीवर दोघींची भेट होते, छत्रपती घराण्यातली मंडळी हजर असतात आणि कुमारिकेच्या हातून त्रिशूळानं कोहळा फोडला जातो. एवढ्याशा पोरीच्या हातात हा मान आहे याचं मला फार अप्रूप. बाकी तो क्षण धड दिसेल अशी आशा धरू नका. कोहळा फुटायचा अवकाश, तुकड्यासाठी अशी झुंबड उडते की पोलिसांना आवरता आवरत नाही. तो तुकडा घरात असला की बरकत राहते म्हणतात. मला ही ओढाताण आवडत नाही. पालखी बघायची तर टाकाळ्याच्या आसपास रस्त्याकडेला उभं राहावं, पोराबाळांना नीट दिसते.

आणि टेंबलाईची खरी ओळख करून घ्यायची तर आषाढात या. मंगळवारी-शुक्रवारी गल्लीगल्लीतून बायका पंचगंगेचं नवं पाणी डोक्यावर घेऊन निघतात, पुढं पी-ढबाक वाजंत्रीचा ताल, आणि ते पाणी टेंबलाईच्या पायरीवर ओततात. त्या दिवशी गल्लीत मटणाचा बेत असतो. या यात्रेत पालखीचा थाट नसतो, छत्रपती नसतात, पण पी-ढबाक सुरू झालं की कामावर निघालेला माणूससुद्धा गाडी स्टँडला लावून चार पावलं नाचून जातो. आमच्या गल्लीत तर वर्गणी काढताना गणपतीला कुरकुरणारे टेंबलाईला मुकाट्यानं देतात.