पंपाला दोष देण्याआधी बार काढा

"काका, चेनसॉचा ऑइल पंप गेलाय, नवा टाकून द्या." मशीन हातात देतानाच निदानही देऊन टाकायची लोकांना घाई असते. मी मान डोलावतो आणि पंपाकडे सगळ्यात शेवटी बघतो. बारला, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीला, तेल न पोचण्याची कारणं बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूलाच सापडतात, आणि पंप मात्र क्लचच्या मागे दडलेला असतो. तिथपर्यंत जायचं म्हणजे अर्धं मशीन उघडायचं.

आधी तेल खरंच येत नाही का, ते बघा. चेन चालू असताना बारमधून धूर निघतो, बारची कड निळसर पडते, चेन ताणून घेतली तरी तापून पुन्हा ढिली होते, ही लक्षणं ओळखीची आहेत. पण माझा जास्त विश्वास टाकीवर. दोन्ही टाक्यांची मापं अशी ठरवलेली असतात की पेट्रोल संपेपर्यंत चेनचं तेलही बहुतेक संपत यावं, थोडंच उरावं. पेट्रोल संपलं आणि तेलाची टाकी जवळजवळ तशीच भरलेली दिसली, तर धूर निघायची वाट बघू नका. दुसरी परीक्षा पुठ्ठ्याची. बारचं टोक फिकट रंगाच्या पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरायचं, टेकवायचं नाही, आणि पाऊण थ्रॉटलवर मिनिटभर चालवायचं. पुठ्ठ्यावर तेलाची स्पष्ट रेघ उमटली पाहिजे.

रेघ नाही उमटली, तर इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा, हातमोजे घाला आणि कव्हर, चेन, बार उतरवा. बार बसतो त्या जागी बॉडीवर तेल बाहेर येण्याचं एक बारीक तोंड असतं. त्याभोवतीचा भुसा आणि चिकटा पुसून ते तोंड उघडं करा. मग प्लगची टोपी लावून, बार-चेन न बसवता, मशीन जमिनीवर घट्ट दाबून काही सेकंद थ्रॉटल द्या. स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, उघडं फिरत असतं, तेव्हा बोटं, बाही, गळ्यातला मफलर काहीही त्या बाजूला जाता कामा नये. सगळ्या दुरुस्तीची दिशा इथेच ठरते. त्या तोंडातून तेल आलं, तर पंप, नळी, फिल्टर सगळे निर्दोष आणि गुन्हेगार बार. नाही आलं, तर आत शिरायचं.

बारच्या बुडाशी वरच्या आणि खालच्या कडेला एकेक तेलाचं भोक असतं. बार उलटा-पालटा करून वापरता यावा म्हणून दोन. आता गंमत बघा: चेनला धार लावताना शहाण्यासारखा बार पालटला, आणि नेमकं त्या दिवसापासून तेल बंद. इतके दिवस कामावर नसलेलं दुसरं भोक भुशाने दगडासारखं भरून बसलेलं असतं. बारीक तार घालून ते मोकळं करा. मग बारची खाच बुडापासून टोकापर्यंत खरवडून काढा. हॅकसॉच्या पात्याचा तुकडा खाचेत बसला तर उत्तम. चेनच्या खालच्या दात्यांनीच तेल पुढे न्यायचं असतं, त्यामुळे खाच भरलेली असेल तर भोक उघडं असूनही उपयोग नाही. बार नवा आणला असेल तर त्याचं भोक मशीनच्या तेलाच्या तोंडासमोर येतं का, तेही बघा. लांबी जुळली, चेन जुळली, पण बुडाचा साचाच वेगळा, असे बार सर्रास बसवलेले दिसतात.

आणि हा भुसा एवढा का साचतो? बोथट चेनमुळे. धारदार चेन लाकडाच्या ढलप्या काढते, बोथट चेन पीठ पाडते, आणि ते पीठ तेलात कालवून खाचेत जाऊन बसतं. तेलाची तक्रार घेऊन आलेल्या मशीनची धार मी न विचारता तपासतो.

तोंडाशीच तेल येत नसेल तर आधी टाकी. तारेच्या आकड्याने आतली नळी झाकणाच्या तोंडाशी ओढा, टोकाचा फिल्टर काढून पेट्रोलने धुवा. वनस्पतीजन्य तेल भरून मशीन महिनोन् महिने कोपऱ्यात ठेवलं असेल, तर ते आत डिंकासारखं घट्ट झालेलं सापडेल. मग फिल्टर बदलाच आणि टाकीही खळबळून घ्या.

सुरुवातीला तेल येतं, काही मिनिटांनी आटतं, थोडं थांबलं की पुन्हा येतं, असा लपंडाव असेल तर टाकीच्या हवेच्या भोकावर संशय घ्या. तेल बाहेर जाईल तशी आत हवा यायला हवी. ती वाट बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला तेल ओढता येत नाही. तेल आटलेलं असताना इंजिन बंद करून झाकण सैल केलं आणि 'फुस्स' झालं, की निदान पक्कं. तिथे इवलासा व्हॉल्व असतो, त्याला सुईने टोचू नका, फाटला की ठेवल्या जागी तेल गळत राहील.

एवढं करूनही तोंड कोरडंच असेल, तर मग क्लच. बहुतेक मशीनवर त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे सोडवायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचं. जोर लावण्याआधी प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी घालून पिस्टन अडवा. पिस्टनने एक्झॉस्टचं तोंड झाकल्यानंतरच दोरी घाला, नाहीतर ती तिथे चेंगरते. आत पंप फिरवणारा वर्म गिअर दिसेल. पुष्कळदा तो प्लास्टिकचा असतो आणि दाते वितळून गुळगुळीत झालेले असतात. चेन ब्रेक लावलेला असताना थ्रॉटल दिला की क्लच ड्रम, म्हणजे क्लचवरची गोल वाटी, भयंकर तापतो, आणि शेजारच्या या बिचाऱ्याचा जीव जातो. काही छोट्या मशीनवर वर्मची तार ड्रमच्या खाचेत बसवावी लागते. ती चुकली तर नवा पंप टाकूनही तेल येणार नाही. पंपाच्या नळीलाही चीर गेली आहे का बघा. चीर असली की पंप तेलाऐवजी हवा ओढतो.

तेल कमी-जास्त करायचा स्क्रू सगळ्या मशीनना नसतो. असला तरी तो लांब बारसाठी आणि कोरड्या, कठीण लाकडासाठी आहे. बुजलेल्या वाटेवर तो कितीही पिळला तरी काही होत नाही.

इंजिनातून काढलेलं काळं तेल चेनला घालणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, फक्त त्यांची खाच साफ करताना निघालेला राडा दाखवतो. त्या तेलात धातूचे कण असतात, ते त्वचेला घातक आहे, आणि चिकटपणा नसल्याने बारच्या टोकापाशी चेन वळली की ते उडून जातं. चेनच्या तेलात चिकटपणा मुद्दाम घातलेला असतो.

उरला गळतीचा प्रश्न. काम झाल्यावर ठेवलेल्या मशीनखाली थोडे थेंब दिसले तर घाबरू नका, ते बार-चेनवरचं निथळलेलं तेल असतं. चांगलं थारोळंच दिसत असेल तर बार-चेन काढा, बॉडी पुसून कोरडी करा आणि रात्रभर मशीन कागदावर ठेवा. डाग झाकणाखाली पडला तर झाकणाची रिंग बदला. क्लचच्या बाजूला पडला तर नळी किंवा पंपाचं सील.