भंगारात गेलेली मांडणी

नाशिकमधल्या त्या घरातून मला बोलावणे आले ते सासू-सुनेच्या भांडणामुळे. मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे. पक्षाघात किंवा अल्झायमरसारख्या आजारात माणसाची रोजची कामे त्याच्या हाती कशी टिकतील, हे पाहणे माझे काम. मुलाने फोनवर आईच्या आजाराचे नाव, अल्झायमर, सर्वांत शेवटी घेतले. आई सुनेवर चोरीचा आळ घेते, डबे आणि पातेली हिने माहेरी पोहोचवली असे शेजारी सांगत सुटते, आणि पत्नी आता खरोखरच माहेरी जायला निघाली आहे, हे त्याने आधी सांगितले.

स्वयंपाकघर नवे होते. निदान झाल्यानंतर, आईला सोपे जावे म्हणून, मुलाने कर्ज काढून ते करून घेतले होते. एकाच रंगाची, मूठ नसलेली, दाबल्यावर उघडणारी दारे, आत ट्रॉल्या, आणि ओट्यावर एकही वस्तू नाही. भिंतीवरची जुनी स्टीलची मांडणी भंगारात गेली होती.

मी आजींना चहा करायला सांगितला. त्या न अडखळता डावीकडच्या भिंतीशी गेल्या, खांद्याच्या उंचीवर हात नेला, आणि तो कोऱ्या टाइलवर थांबला. मग त्या एकेक ट्रॉली ओढू लागल्या; तिसरी उघडेपर्यंत काय हवे होते तेच विसरल्या, आणि वळून म्हणाल्या, "माझं गाळणं हिनंच नेलं."

या आजारात मेंदूचा नव्या आठवणी साठवणारा भाग आधी खचतो, मात्र वर्षानुवर्षे हातात मुरलेल्या सवयी पुष्कळ काळ टिकतात. त्यामुळे जुनी जागा हाताला ठाऊक असते, नवी जागा कितीही वेळा दाखवली तरी मनात राहत नाही. समोर दिसलेली वस्तू ओळखता येते; बंद दारामागे ती आहे हे आठवावे लागते, आणि नेमके तेच जमत नाही. साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतले बहुतेक घरच्यांच्याच हाती असतात, तरीही या कुटुंबाला तपासण्या आणि गोळ्या लिहून देताना घराची मांडामांड बदलू नका, एवढे एक वाक्य कोणी सांगितले नव्हते. याचा मला आजही राग येतो. आवरलेले घर म्हणजे काहीही न दिसणारे घर, ही अलीकडची समजूत अशा माणसाला त्याच्याच घरात परके करते.

आम्ही नवी मांडणी आणली. जुनीची नेमकी जागा नातवाच्या बारशाच्या फोटोत सापडली आणि त्याच उंचीवर नवी ठोकून घेतली. वस्तू मी मुद्दाम मोजक्या ठेवल्या, कारण गर्दीतही नजर हरवते: दोन पातेली, चार कप, आकड्याला सांडशी आणि गाळणे, चहा-साखर काचेच्या बरण्यांत. सुऱ्या कुलपात गेल्या. गॅसचा मुख्य कॉक बंद ठेवायचा आणि शेजारी कोणी उभे असेल तेव्हाच उघडायचा, असे ठरले. बाकीचा संसार सुनेच्या सोयीने ट्रॉल्यांतच राहिला. तिचेही ते घर आहे, हे मी मुलाला स्पष्टपणे सांगितले.

काही आठवड्यांत आजी सकाळचा चहा करू लागल्या आणि भांड्यांवरून होणारे आरोप जवळजवळ थांबले. आजार हटलेला नाही, तो पुढे जाणारच. पण सूनबाईंनी बांधलेली बॅग सोडली. त्या मला म्हणाल्या, "मॅडम, त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या वस्तू आम्ही नेल्याच होत्या ना?" तोपर्यंत मी त्या आरोपांची नोंद आजाराचे लक्षण म्हणून करत होते, आणि ते लक्षण होतेही, पण त्याच्या मुळाशी खरी हानी होती, हे त्यांनी माझ्याआधी शब्दांत मांडले.

बांगड्यांचा आळ मात्र अजून चालू आहे. त्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, हे आजींना रोज सांगितले जाते आणि रोज त्यांच्या मनातून पुसले जाते. तशाच दिसणाऱ्या खोट्या बांगड्या हातात घालाव्यात, असे मुलाचे म्हणणे आहे. सूनबाईंना ते पटत नाही. चोरीचा आळ सोसून झाल्यावर आता आपल्या हाताने फसवायचे कसे, असे त्या विचारतात. पुढच्या भेटीत त्या दोघांना माझ्याकडून उत्तर हवे आहे, आणि मी अजून कोणत्याच बाजूला झुकलेले नाही.