डोंबिवली ते परळ, व्हाया साडेचार हजारांचं पॅकेज

बोटं सुजायला लागून सात महिने झाले तेव्हा कुठे मी परळला रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांधेवाताच्या डॉक्टरकडे, पोचले. माझा पोळीभाजीच्या डब्यांचा धंदा, आणि सकाळी साडेपाचला कणकेत हात घालायचा तर मूठच वळत नाही, सात वाजून गेले की बोटं जरा हलायला लागतात. हे एवढं नीट सांगितलं असतं तरी पुरलं असतं, पण मी भलत्याच तयारीत पैसे घालवून बसले होते.

आधी पैशांचंच सांगते कारण ते डोक्यातून जात नाहीये. अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तर घराजवळचा लॅबवाला म्हणाला, ताई मोठ्या डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जाऊ नका, आर्थ्रायटिस प्रोफाइल, म्हणजे सांधेदुखीच्या टेस्टचं पॅकेज, करून जा, वेळ वाचेल. साडेचार हजार मोजले आणि अकरा पानांचा रिपोर्ट फाइलला लावून ऐटीत गेले. डॉक्टरांनी दोन मिनिटांत पानं उलटली, सीबीसी, ईएसआर आणि आमवातासाठी बघतात तो आरए फॅक्टर तेवढं बघितलं, बाकीचं ठेवून दिलं. व्हिटॅमिन काय, कोलेस्टेरॉल काय, वर एएसओ, ती बघून तर हसलेच, म्हणाले ही घशाच्या इन्फेक्शनची खूण, तुमच्या वयात बोटांच्या सुजेसाठी हिचं काय करू? आणि त्यांना जी हवी होती ती अँटी-सीसीपी, आमवात ओळखायची रक्ताची टेस्ट, ती नेमकी पॅकेजात नाही! ती वेगळी करायला लागली, वेगळे पैसे देऊन.

त्यात माझा आरए फॅक्टर निगेटिव्ह, म्हणून लॅबवाल्याने आधीच 'तुम्हाला काही नाही' सांगून मोकळं केलं होतं. आमवात असूनही हा फॅक्टर निगेटिव्ह येऊ शकतो आणि ठणठणीत माणसाचा पॉझिटिव्ह येऊ शकतो, हे मला डॉक्टरांकडून कळलं. माझी अँटी-सीसीपी चांगलीच पॉझिटिव्ह निघाली. तेव्हा पॅकेज करू नका. जुने रिपोर्ट असतील ते तारखेप्रमाणे लावा, एक्सरेची फिल्म घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नको, आणि पुढच्या टेस्ट डॉक्टर लिहून देतील त्याच करा.

दुसरी चूक त्याच दिवशीची. लोकलमध्ये दांडा धरता यावा म्हणून निघताना दुखण्याची गोळी घेतली. अकराचा नंबर, तोवर सूज बरीच उतरलेली, डॉक्टर एकेक सांधा दाबून विचारतायत इथे दुखतं का, आणि माझे हात एकदम शहाण्या मुलीसारखे. नशीब, मुलीने मोबाइलवर सकाळच्या हातांचे फोटो काढून ठेवले होते, त्यावर निभावलं. सूज असेल त्या दिवशी फोटो काढाच. गोळी कधीमधीच घेत असाल तर त्या सकाळी टाळता येईल का ते आधी फोन करून विचारा, पण रोजची औषधं, आणि स्टेरॉइड चालू असेल तर ते मुळीच मनाने बंद करू नका. वैद्याच्या पुड्या घेत असाल तर त्याही घेऊन जा, लाजू नका, काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

आता प्रवास. डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली, दादरला उतरले, सरकता जिना बंद, गुडघ्यांची वाट. बाहेर टॅक्सीवाला परळचे दीडशे म्हणाला! मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतो, तिथवर जायला पन्नासेक होतात. रिक्षा इकडे येतच नाहीत, त्यामुळे टॅक्सीवाले पण माजलेत. तिसऱ्या टॅक्सीवाल्याने मीटर टाकला. फास्ट परळला थांबत नाही, म्हणून पंधरावीस मिनिटं जास्त गेली तरी स्लोने सरळ परळलाच उतरा. दिव्यांगांच्या डब्यात शिरू नका, सर्टिफिकेट नसेल तर दंड होतो, सुजलेले हात दाखवून टीसी ऐकत नाही.

क्लिनिकमध्ये अडीच तास बसले. फी दोन हजार. खर्च झेपणार नसेल तर परळच्याच पालिकेच्या केईएम हॉस्पिटलला या आजाराची वेगळी ओपीडी आहे, वार आधी विचारून जा.

डॉक्टर मात्र चांगले, याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अंगठ्या घट्ट बसल्यात का, घरात कुणाला सोरायसिस आहे का, सकाळी आखडणं किती वेळ टिकतं, असं विचारत गेले. हे मिनिटांत सांगता आलं पाहिजे, 'बराच वेळ' म्हणाल तर परत विचारतात, मला तीनदा विचारलं. बांगड्या घरी काढून जा आणि बाही वर सरकेल असा ड्रेस घाला, साडीच्या घट्ट ब्लाउजमधून कोपरे खांदे बघायला द्यायचे म्हणजे कसरत.

नंतर हिपॅटायटिसची टेस्ट आणि छातीचा एक्सरे झाला आणि आमवातावरचं मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, आणि माझ्या चिठ्ठीवरचं अक्षर असं होतं की मी केमिस्टला विचारूनच खात्री केली. मी रविवार ठरवलाय, त्या दिवशी डबे बंद असतात. फ्रीजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. सहा आठवड्यांनी परत जायचंय, स्लोने.