नागरिकत्वाची चाचणी आणि ओढ्याकाठचं म्योडलारॉयट

जर्मन नागरिकत्वाच्या चाचणीला ३३ प्रश्न असतात, त्यांतले १७ बरोबर आले की पास. ३०० प्रश्न आधीच जाहीर असतात, शिवाय आपण राहतो त्या राज्यावरचे १० वेगळे. पाठ करून परीक्षा देण्यात आपला हात कोण धरणार? तरीही जर्मनीच्या फाळणीच्या प्रश्नांशी मी थबकायचे. १९४९ला दोन देश, १९६१ला बर्लिनची भिंत, १९८९ला ती खुली. सालं तोंडपाठ होती, पण गावखेड्यांतून गेलेली सीमा डोळ्यांपुढे येईना. म्हणून न्यूरेंबर्गहून रेल्वेने होफला गेले आणि तिथून टॅक्सीने म्योडलारॉयट या सीमेवरच्या गावाला.

वस्ती जेमतेम चाळीसेक माणसांची. मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो, उडी मारून ओलांडावा एवढाच. १८१० साली त्याच्या काठाने हद्दीचे दगड रोवले गेले: एका बाजूला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला रॉइसचं संस्थान. गावकऱ्यांना त्याचं फारसं काही नव्हतं. शाळा आणि खानावळ एकीकडे, चर्चला जायचं दुसरीकडे.

१९४५च्या जुलैत हाच ओढा अमेरिकन आणि सोव्हिएत ताब्यातल्या मुलखांची सीमा झाला. १९५२च्या मे महिन्यात पूर्व जर्मनीने सीमेलगतचा पाच किलोमीटरचा पट्टा बंद केला. अगदी हद्दीला लागून दहा मीटर जमीन नांगरून मोकळी ठेवली, कोणी गेलं तर पावलं उमटावीत म्हणून. शेतात पेरणीसाठी नांगर फिरतो, इथे तो माणसं पकडायला फिरला, हे मला सगळ्यात लागलं. पुढे फळ्यांचं कुंपण, काटेरी तारा आणि १९६६ला सातशे मीटर लांब, ३.३ मीटर उंच काँक्रीटची भिंत आली. पूर्वेकडच्यांना पलीकडे हात हलवायलाही बंदी होती. पलीकडे म्हणजे कोण, तर सख्खे शेजारी! अमेरिकन सैनिक गावाला 'लिटल बर्लिन' म्हणत. १९८३ला अमेरिकेचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश इथे येऊन गेले.

बर्लिननंतर महिनाभराने, ९ डिसेंबर १९८९ला, इथे पायी जाण्यापुरती वाट उघडली. १७ जून १९९०ला भिंतीचा बराचसा भाग पाडला. उरलेला तुकडा, टेहळणीचा मनोरा आणि कुंपण आता संग्रहालयाच्या मोकळ्या आवारात आहे. तिथे मी दुपारभर फिरले.

भिंत गेली, पण १८१०ची हद्द अजून आहे. ओढ्याच्या एका बाजूचं गाव बव्हेरिया राज्यातल्या ट्योपनच्या कारभाराखाली, दुसऱ्या, म्हणजे पूर्वीच्या पूर्व जर्मनीच्या बाजूचं थुरिंगिया राज्यातल्या गेफेलच्या. पिनकोड वेगळे. गाड्यांच्या नंबरपाट्यांवर जिल्ह्याची अक्षरं इकडे 'एचओ', तिकडे 'एसओके'. म्हणजे या गावात कोणी माझ्यासारखं नागरिकत्वाच्या चाचणीला बसलं, तर घर कोणत्या काठावर आहे त्यावर राज्याचे प्रश्न ठरणार.

माझ्या पेपरात बव्हेरियाचे तीन प्रश्न होते. फाळणीचेही आले, आणि ते सोडवताना या वेळी मला सालं आठवावी लागली नाहीत. अभ्यासाला लागलेल्यांनी होफच्या बाजूला गेल्यावर वाट थोडी वाकडी करून तिथे जरूर जावं. आवार उघड्यावर आहे, थंडीत जाणार असाल तर कानटोपी घ्या.